वरच्या मजल्याची ऊब

शनिवार, १२ ऑक्टोबर

सोमवारी आईकडे स्टेशन्स आहेत, म्हणजे गावातल्या घरांत पाळीपाळीने होणारी प्रार्थना. आमच्या घराची पाळी नऊ वर्षांनी आली आहे. फादर घरी येऊन मास, म्हणजे मिस्सा, म्हणतात, आसपासची अकरा घरं जमतात, मग चहा, अंड्याची सँडविचेस आणि कोणाच्या घराचा रंग कुठे उडालाय याची पाहणी. आई ब्याऐंशी वर्षांची. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती जिना चढत नाही, दिवाणखान्यातच तिचा पलंग आहे. ती खुर्चीतून हुकूम सोडत होती, मी आणि कॉन्सेप्टा धावत होतो.

कॉन्सेप्टा दीड वर्षापासून आईकडे येते, सकाळी नऊ ते दुपारी तीन. अठ्ठावन्न वर्षांची, विधवा, वरच्या रस्त्याला एकटी राहते. मला शाळेत जाताना पाहिलेलं असल्यामुळे मला अजून पोरगीच समजते.

जे दिसायला नको ते सगळं गरम कपाटात गेलं. स्वयंपाकघरामागच्या बोळात, गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं हे कपाट. एरवी त्यात फक्त धुतलेले कपडे उबवायला ठेवतो. आज बाबांचा जुना ओव्हरकोट, विटके पडदे, दोन घोंगड्या, वर्तमानपत्रांचा गठ्ठा, सगळं खालच्या बाजूला कोंबलं. शेवटी गुडघा लावून दार बंद केलं.

"फादरनी चुकून हे दार उघडलं," कॉन्सेप्टा म्हणाली, "तर त्यांच्याच अंत्यविधीची मास म्हणावी लागेल."

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. माझ्या बोलण्यावर ती अशी शेवटची कधी हसली, ते मी आठवून पाहिलं.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

छान पार पडलं. आईने निळा कार्डिगन घातला होता. सगळ्यांचे कोट वर माझ्या जुन्या खोलीत पलंगावर ठेवले होते.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवते. आमच्या घरात तेलाचा बॉयलर पाणी तापवतो, ते खोल्यांतल्या रेडिएटरांत फिरतं, आणि या हीटिंगचे तीन झोन आहेत. खालचा मजला, वरचा मजला आणि गरम पाणी, प्रत्येकाचं चालू-बंद वेगळं. वर आता कोणी राहत नाही, म्हणून वरचा थर्मोस्टॅट वर्षभर दहा अंशांवर असतो. काल कोटांसाठी म्हणून काही मी तो चढवला नव्हता. तरी निघताना शेजारची बर्नी बाहीत हात घालत म्हणाली, "कोट शेकून देतेस होय गं, डर्व्हला? हॉटेलातसुद्धा असं मिळत नाही."

मी हसले. सगळे गेल्यावर वर जाऊन पाहिलं. रेडिएटर गरम. थर्मोस्टॅट दहावरच.

म्हणजे कोणीतरी तो चढवला आणि परत खाली आणून ठेवला. कोटांसाठी असेल. पण मग तसं सांगायला काय हरकत होती?

शनिवार, १९ ऑक्टोबर

आज आईकडे गेल्या गेल्या आधी वर गेले. रेडिएटर गरम. थर्मोस्टॅट दहावर. माझ्या उशीवर केसांची एक पिन सापडली, काळी. आईच्या पिना तपकिरी असतात.

पिन पाकिटात ठेवली आहे. का ठेवली, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

बर्नी लायब्ररीत पुस्तकं बदलायला आली होती. बोलता बोलता म्हणाली, "कॉन्सेप्टाच्या घराला ओल आलीये म्हणे. मागची खोली वापरताच येत नाही." मी पुस्तकांवर शिक्के मारत राहिले.

आई दुपारी एक ते तीन झोपते. दोन तास. वर माझा पलंग, जाड रजई, गरम रेडिएटर. मला काही म्हणायचं नाही. थकलेल्या बाईने तासभर पाठ टेकली तर टेकली. पण माझ्या खोलीत, आणि न सांगता.

शनिवार, २६ ऑक्टोबर

आज सरळ विचारायचं ठरवून गेले होते. कॉन्सेप्टा स्वयंपाकघरात गाजरं किसत होती. सरळ विचारणं काही जमलं नाही.

"वर जरा गरम वाटतंय," मी म्हटलं.

"वाटतंय? तापतंयच ते. पाइप टकटक करतात वर, मला इथे ऐकू येतं. खालचं चालू झालं की वरचंही चालू. पॅकी लॅव्हिनला बोलाव, ते झोनचं काहीतरी बिघडलं असणार."

"थर्मोस्टॅट तर दहावर आहे."

"म्हणूनच तर म्हणतेय, लॅव्हिनला बोलाव."

किती चटकन उत्तर दिलं. विचार करायलाही थांबली नाही. निरपराध माणूस थोडा तरी गोंधळतो. मी गोंधळले असते.

मग आईला न्हायला घालायची वेळ झाली. मी म्हटलं, आज मी घालते. आई म्हणाली, "कॉन्सीला माहितीये पाणी किती गरम लागतं ते." दोघी न्हाणीघरात गेल्या आणि दार लागलं. आतून हसण्याचा आवाज येत होता. मी गाजरं किसून टाकली.

बुधवार, ३० ऑक्टोबर

फर्गलचा पर्थहून फोन. माझा धाकटा भाऊ, तिथे त्याची सकाळ होती, मागे मुलं ओरडत होती. मी त्याला सगळं सांगितलं. तेलाची टाकीही नेहमीपेक्षा लवकर उतरली आहे, तेही सांगितलं.

"मग तिला काढ," तो म्हणाला.

"आणि आई?"

"ताई, तुझी नोकरी आहे. विश्वासाचं माणूस मिळत नसेल तर वृद्धाश्रमाशिवाय काय उरतं? मी स्लायगोच्या त्या जागेत नाव घालून ठेवलंय. जानेवारीत खोली रिकामी होईल म्हणतात."

मला न विचारता नाव घातलं. मी त्याच्यावर चिडले नाही. चिडायला हवं होतं असं आता लिहिताना वाटतंय. आई त्या घरात लग्न होऊन आली, बासष्ट वर्षं तिथे आहे. कॉन्सेप्टा गेली तर आईला घर सोडावं लागेल, हे मला स्पष्ट दिसतंय. म्हणून तर खात्री करून घ्यायला हवी.

शनिवार, २ नोव्हेंबर

लिहायलाही लाज वाटते. वरच्या थर्मोस्टॅटच्या चाकीवर पारदर्शक चिकटपट्टी लावली. फिरवली तर फाटेल. जिन्याच्या तळाशी, कठड्यापासून भिंतीवरच्या खिळ्यापर्यंत, राखाडी दोरा बांधला. एकच गाठ.

आईने विचारलं, "एवढा वेळ जिन्याशी काय करतेस?" मी म्हटलं, कोळ्याची जाळी काढतेय.

शनिवार, ९ नोव्हेंबर

चिकटपट्टी जशीच्या तशी. रेडिएटर गरम.

दोराही होता. पण गाठी दोन.

जिन्यावर बराच वेळ बसून राहिले. म्हणजे तिने दोरा पाहिला, सोडला, वर गेली, आली आणि परत बांधून ठेवला. चिकटपट्टीही उचलून तशीच लावली असणार. इतकी हुशारी कशासाठी? लपवायचं काही नसलेलं माणूस दोरा परत कशाला बांधेल?

याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, आणि मी सोमवारी सुट्टी घेतली आहे.

सोमवार, ११ नोव्हेंबर

झालं.

वाक्यं पाठ करून गेले होते. आईची झोपायची वेळ गाठली. "काही दिवस आम्हीच सांभाळून घेऊ म्हणतोय," मी म्हटलं. "तुम्हालाही आराम."

तिने हात पुसले. मला वाटलं होतं विचारेल. तिने अ‍ॅप्रन काढून घडी घातली, दाराआडच्या सपाता पिशवीत टाकल्या आणि कोटाच्या खिशातून घराची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"दुपारची गोळी सफरचंदाच्या गरात घालून दे," ती म्हणाली. "पाण्याबरोबर घेत नाही, गालात धरून ठेवते."

मला हे माहीत नव्हतं.

आई उठल्यावर म्हणाली, कॉन्सी कुठेय? मी म्हटलं, तिला दुसरीकडे काम लागलंय, घाईत होती. खोटं इतकं सहज निघालं की मीच चमकले.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

दोन आठवड्यांची रजा घेऊन आईकडे राहायला आले आहे. मुद्दाम खाली, सोफ्यावर झोपते. आई बोलत नाही असं नाही. विचारलं की उत्तर देते. न्हायला नको म्हणते, थंडी वाजते म्हणते. पाणी मी दोनदा बदललं. "राहू दे, डर्व्हला," ती म्हणाली, "तुला उगाच त्रास."

मला त्रास. आपल्या पोटच्या मुलीला कोणी असं म्हणतं का?

शनिवार, १६ नोव्हेंबर

वर गेले होते. रेडिएटर गरम आहे.

घरात मी आणि आई. दाराला आतून कडी.

आधी वाटलं, कॉन्सेप्टाकडे दुसरी किल्ली असणार. कडीचं लक्षातच आलं नाही. मग वाटलं, आई. मी दुकानात जाते तेव्हा आई जिना चढते. अर्धा तास मी हेच धरून बसले होते. जिला बाथरूमपर्यंत जायला वॉकर लागतो, ती चौदा पायऱ्या चढून चिकटपट्टी उचलते आणि परत लावते. मी आईच्या खोलीत डोकावून तिचे पायसुद्धा पाहिले, मोज्यांना धूळ लागलीये का म्हणून. ती जागी होती. "काय हरवलंय?" म्हणाली.

पॅकी लॅव्हिनला फोन केला. सोमवारी येतो म्हणाला.

सोमवार, १८ नोव्हेंबर

सगळं नीट, क्रमाने लिहिते.

पॅकी दहाला आला. साठीचा, अंगाने जाड, बूट दारातच काढणारा. आईला म्हणाला, "टेस, अजून जिवंत आहेस वाटतं." आई म्हणाली, "तुझं बिल बघेपर्यंत तरी." एवढं ती आठवड्याभरात बोलली नव्हती.

तो वर गेलाच नाही. माझं बोलणं अर्धंच ऐकलं आणि सरळ बोळात जाऊन गरम कपाट उघडलं. वर्तमानपत्रांचा गठ्ठा त्याच्या पायावर पडला.

"स्टेशन्स झाली ना तुमच्याकडे?"

"ऑक्टोबरमध्ये. का?"

"या हिवाळ्यातलं हे चौथं घर. फादर यायचे म्हणून सगळा पसारा गरम कपाटात कोंबायचा आणि मग मला बोलवायचं. फादरनी प्रत्येक घरात आधी या कपाटालाच आशीर्वाद द्यायला हवा."

त्याने ओव्हरकोट, घोंगड्या बाहेर ओढल्या. मागे, टाकीच्या पायाशी, तांब्याच्या तीन पाइपांवर पत्र्याच्या तीन डब्या बसवलेल्या होत्या. सेहेचाळीस वर्षं या घराशी संबंध आहे आणि मी त्या कधी पाहिल्या नव्हत्या. हेच झोनचे व्हॉल्व्ह. प्रत्येक झोनला एक. थर्मोस्टॅटने ऊब मागितली की डबीतली छोटी मोटर व्हॉल्व्ह उघडते आणि बॉयलरला कळवते. मागणी संपली की स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते. प्रत्येक डबीच्या कडेला एक बारकी दांडी असते, हाताने उघडायची वेळ आली तर.

"ढकल बघू," तो म्हणाला. पाण्याच्या व्हॉल्व्हची दांडी मी ढकलली. स्प्रिंग लागली, बोट मागे रेटलं गेलं. "जोर लागतोय म्हणजे बंद आहे. आता ही." ती मधली होती, वरच्या मजल्याची. ती एका टोकाला जाऊन खाचेत अडकून बसली होती.

"तुझ्या घोंगडीने ढकलली आणि खाचेत बसवली. व्हॉल्व्ह उघडाच. अशाने बॉयलर आपणहून पेटत नाही, पण खालचं किंवा पाण्याचं काही चालू झालं की गरम पाणी वरही जाणार. थर्मोस्टॅट दहावर असो नाहीतर शून्यावर."

कॉन्सेप्टाने मला नेमकं हेच सांगितलं होतं. खालचं चालू झालं की वरचंही चालू.

मी तरीही विचारलं. का विचारलं, माहीत नाही. शेवटचा धागा सुटत नव्हता बहुधा. "पण मधल्या काळात कोणी वरचा थर्मोस्टॅटही फिरवत असेल, असं होऊ शकतं ना?"

"नाही होऊ शकत." तो गुडघ्यांवरून उठला. "हे बघ." जिना चढून गेला. वरून चिकटपट्टी फाटल्याचा आवाज आला. मग माझ्यासमोर डबीतून घूं असा आवाज सुरू झाला, मोटर फिरली आणि दांडी खाचेतून सुटून सैल लोंबायला लागली. तो खाली आला. "बघितलंस? एकदा जरी कोणी ऊब मागितली असती तर दांडी आपली आपण सुटली असती आणि घरही ठीक झालं असतं. ती अडकून राहिली याचा अर्थच हा की स्टेशन्सपासून आजपर्यंत त्या चाकीला कोणी बोट लावलेलं नाही."

मी खाली पडलेली घोंगडी उचलून तिची घडी घालायला लागले.

"काय गं? चेहरा का असा झाला? फुकटात दुरुस्त झालंय," पॅकी म्हणाला.

"आणि ती पट्टी कोणी लावली होती वर?" त्याने विचारलं. मी सांगितलं, मी. त्याने दारात जाऊन बूट घातले.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

कॉन्सेप्टाकडे गेले नाही. सकाळपासून गरम कपाट आवरलं. पॅकीने सांगितलेलं लिहून ठेवते. व्हॉल्व्हच्या चहूबाजूंनी हातभर मोकळी जागा. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा तिन्ही झोन पाच मिनिटं चालवायचे, नाहीतर आतला गोळा गंजून बसतो. झोन चालू केल्यावर घूं आवाज यायला हवा आणि दांडी सैल पडायला हवी. मग व्हॉल्व्हच्या पलीकडच्या पाइपवर हात ठेवायचा, तो तापायला हवा. आवाज आला नाही तर बहुतेक मोटर गेलेली असते. ती बदलायला पाणी उपसावं लागत नाही, पण वीज बंद करून पॅकीनेच बदलायची, मी नाही.

तिन्ही झोन चालवून पाहिले. तिन्ही पाइपांवर हात ठेवला. दुपारी परत पाहिले. एकदा पुरे होतं.

काळी पिन बर्नीची असणार. कोट तिथेच तर ठेवले होते सगळ्यांनी.

रविवार, २४ नोव्हेंबर

गेले. चर्चमधून निघाल्यावर बर्नीला आईजवळ बसवलं आणि चालत गेले, गाडी नेली असती तर वळवून परत आले असते.

"ये. दार लाव, ऊब जाते," कॉन्सेप्टा म्हणाली. तिच्या स्वयंपाकघरात शेगडी अशी पेटलेली होती की मी आधी कोट काढला, मग स्वेटर. इतकं गरम घर मी कुठे पाहिलेलं नाही. मागच्या खोलीत ओल होती, दार उघडं होतं, दिसत होती. तिला कोणाची ऊब चोरायची काहीच गरज नव्हती.

मी सगळं सांगितलं. ती बटाटे सोलत राहिली.

"दोरा," ती म्हणाली. "दर गुरुवारी जिना झाडायचा, हे तूच सांगितलंस. गुरुवारी बघते तर खाली दोरा. म्हटलं ही उंदीर पकडतेय की मला? तोडला तर म्हणशील वर गेली, ठेवला तर म्हणशील जिना झाडला नाही. सोडला, झाडला, परत बांधला."

"मला का नाही बोललात?"

"तू विचारलं कुठे? तू दोरा बांधलास."

मी माफी मागितली. शब्द फार लहान वाटले. ती म्हणाली, "बटाटे खाऊन जा," आणि थोड्या वेळाने, "रीगनांनी मला कामाला बोलावलंय. त्यांच्या म्हाताऱ्यासाठी. उद्या कळवायचंय."

"आई न्हात नाहीये," मी म्हटलं. "फर्गलने जानेवारीची खोली..."

ती उठली, बटाटे पाण्यात टाकले, पाठमोरीच म्हणाली, "टेससाठी येईन. पण तुझी किल्ली घेणार नाही. रोज सकाळी नऊला तू दारात हवीस. तू उघडणार आणि मी आत येणार. म्हणजे मी कधी आले, कशी आले, याचं कोणाला कोडं नको."

"मला साडेनऊला लायब्ररी उघडायची असते. वीस मिनिटांचा रस्ता आहे."

"मग लवकर उठ."

रविवार, उशिरा दुपारी

आईला खरं सांगितलं. ती रजईची शिवण चाचपत होती.

"मला वाटलं मीच तिला काही बोलले," आई म्हणाली. "दोन आठवडे तेच आठवत होते. काय बोलले असेन म्हणून."

हे मी केलं. तेलाचं, रेडिएटरचं काहीच नाही, पण तिला असं आठवत बसायला लावलं, हे. मी तिच्या पलंगावर बसले. तिने मला जवळ घेतलं नाही. जवळ बसू मात्र दिलं.

फर्गलला फोन करून ती खोली नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की. आणि कॉन्सेप्टाची चूक नव्हती. माझी होती." पलीकडे मुलं ओरडत होती. "बरं," तो म्हणाला.

सोमवार, २ डिसेंबर

आठवडा झाला. साडेआठला आईकडे पोचते. नऊ वाजेपर्यंत काही करण्यासारखं नसतं, म्हणून चहा करते, आईजवळ बसते. ती मला रात्रीची स्वप्नं सांगते. आज तिने माझ्या केसांकडे पाहून म्हटलं, "तुला कोणी नीट कापून देत नाही का गं?"

नऊला बेल. मी दार उघडते. कॉन्सेप्टा पायपुसण्यावर बूट घासते, "सकाळ झाली," म्हणते आणि आत जाते.

शुक्रवार, १३ डिसेंबर

रस्त्यावर दव गोठलेलं होतं, तरी वेळेत पोचले. आज किल्ली खिशात घेऊनच गेले होते. नऊला दार उघडलं आणि तळहातावर धरली.

"काय आहे?" कॉन्सेप्टाने विचारलं.

"किल्ली."

"ते दिसतंय."

"इतके दिवस झाले," मी म्हटलं. "आता घ्या ना. तुम्हालाही थंडीत दारात उभं राहायला नको."

तिने बूट घासले. माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. दिवाणखान्यात आई होती आणि तिच्या पलंगाजवळच्या स्टुलावर दोन कप होते, एक माझा.

"चहा झाला का दोघींचा?"

"झाला."

"रोज होतो?"

"हो, रोज."

"मग राहू दे अजून," ती म्हणाली आणि आत गेली.